युद्धगुन्हा म्हणजे नेमके काय? शब्द आणि कायदा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाचनालयांमध्ये युद्धविषयक कायद्यावर बोलण्याचे प्रसंग मला येत आहेत. व्याख्यान संपल्यावर चहा घेताना लोक जे विचारतात, ते व्याख्यानापेक्षा अधिक मोलाचे असते, असा माझा अनुभव आहे. विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, मर्चंट नेव्हीतून सुट्टीवर घरी आलेले तरुण असतात, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी असतात, आणि एकदा मिरकरवाडा या मासेमारी बंदराचे एक वयस्कर तांडेलही (होडीचे प्रमुख) होते. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते उत्तरांसह येथे दिले आहेत.

‘युद्धगुन्हा’ या शब्दाचा अर्थ काय?

हा सामासिक शब्द आहे आणि त्याचा विग्रह दोन प्रकारे होऊ शकतो. ‘युद्धातील गुन्हा’ असा विग्रह केला, तर युद्ध चालू असताना, त्या युद्धाच्या ओघात केलेले बेकायदा कृत्य, असा अर्थ निघतो. ‘युद्ध हाच गुन्हा’ असा विग्रह केला, तर ज्याने युद्ध पेटवले तो गुन्हेगार, असा अर्थ होतो. बोलताना आपल्या मनात बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो; कायदा मात्र केवळ पहिला अर्थ मानतो. या विषयातील निम्म्याहून अधिक गोंधळ या एका समासातून निघतो, असे माझे मत आहे.

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर सशस्त्र संघर्षाचे नियम मोडणारे जे गंभीर कृत्य, ज्याबद्दल ते करणाऱ्या व्यक्तीला व्यक्तिशः शिक्षा होऊ शकते, ते युद्धगुन्हा ठरते. कृत्याचा त्या संघर्षाशी संबंध असावा लागतो. लढाई चालू असलेल्या गावात बांधाच्या जुन्या वादातून एकाने शेजाऱ्याचा जीव घेतला, तर तो खूनच. आकाशात विमाने घिरट्या घालत होती, एवढ्यावरून त्याचा युद्धगुन्हा होत नाही. त्याच शेजाऱ्याला तो शत्रुपक्षाच्या जमातीचा आहे म्हणून सैनिकांनी घरातून ओढून नेऊन मारले, तर मात्र होतो.

मग युद्ध सुरू करणे हा गुन्हा नाही का?

आहे, पण त्याचे नाव वेगळे आहे. १९४५ साली नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यासाठी जी सनद तयार झाली, तिने तीन स्वतंत्र वर्ग केले: शांततेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे. युद्ध लादणे हे पहिल्या वर्गात बसते. आज त्याला ‘आक्रमणाचा गुन्हा’ म्हणतात. त्याची व्याख्या २०१० मध्ये कंपाला येथील परिषदेत ठरली आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला त्यावरील अधिकार १७ जुलै २०१८ पासून मिळाला.

ही फारकत पटायला वेळ लागतो. तिचा परिणाम असा की, ज्याची बाजू पूर्णपणे न्याय्य आहे, ज्याच्या देशावर दुसरा चालून आला आहे, त्याच्या सैनिकानेही हाती लागलेल्या कैद्याला ठार मारले तर तो युद्धगुन्हेगार ठरतो. उलट, आक्रमकाच्या सैन्यातला जो शिपाई नियम पाळून लढला, तो युद्धगुन्हेगार ठरत नाही. असे नसते तर प्रत्येक पक्षाने आपली बाजू सत्याची म्हणून सर्व नियम गुंडाळून ठेवले असते, कारण आपली बाजू असत्याची आहे असे मानून युद्धाला उतरणारा कोणी नसतो.

‘गुन्हा’, ‘अपराध’, ‘नरसंहार’, ‘वंशसंहार’ यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा?

‘गुन्हा’ हा शब्द फारसीतून आला. तेथे ‘गुनाह’ म्हणजे पापसुद्धा. ‘अपराध’ संस्कृत आहे आणि कायद्यांच्या मराठी अनुवादांत तो जास्त दिसतो. ‘युद्धगुन्हा’ आणि ‘युद्ध अपराध’ या दोहोंचा अर्थ एकच आहे आणि मी पहिला वापरतो, कारण पोलीस ठाण्यात गुन्हाच दाखल होतो आणि तो शब्द सर्वांच्या तोंडी आहे.

‘वंशसंहार’ मात्र जपून वापरायला हवा. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये ग्रीक आणि लॅटिन धातू जोडून यासाठी ‘जेनोसाइड’ हा नवा शब्द घडवला, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी त्यावरचा करार संयुक्त राष्ट्रांत संमत झाला. एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध होणे त्यात अनिवार्य आहे, आणि त्यासाठी युद्ध चालू असण्याची गरज नाही. केवळ मृतांची संख्या मोठी आहे म्हणून कोणतेही हत्याकांड वंशसंहार होत नाही. त्यासाठी ‘नरसंहार’, ‘कत्तल’, ‘हत्याकांड’ हे शब्द मराठीत आहेत आणि ते मुळीच सौम्य नाहीत.

गनिमी कावा हा युद्धगुन्हा ठरेल का?

नाही. शत्रूला चकवणे, खोटी हालचाल दाखवणे, दबा धरणे, रात्री अचानक तुटून पडणे, या सर्व युक्त्या कायदेशीर आहेत. १९०७ च्या हेग परिषदेतील युद्धाच्या नियमांत तसे स्पष्ट म्हटले आहे. बंदी आहे ती विश्वासघाताला. कायद्याने दिलेल्या संरक्षणावर शत्रूने विसंबावे अशी वागणूक करून, त्या विसंबण्याचा फायदा घेत त्याला मारणे म्हणजे विश्वासघात होय. पांढरे निशाण दाखवून जवळ बोलवायचे आणि गोळी घालायची, किंवा रेड क्रॉसचे चिन्ह लावलेल्या गाडीतून हल्ला चढवायचा, ही त्याची उदाहरणे. फरक करण्याचे कारण व्यवहारी आहे: पांढऱ्या निशाणावर एकदा अविश्वास बसला की पुढे खरोखर शरण येणाऱ्यावरही गोळी चालते.

येथे अश्वत्थाम्याचा विषय हमखास निघतो. झोपलेल्या छावणीवर त्याने केलेला हल्ला आपल्या परंपरेने अधर्म मानला आणि त्याच्या कपाळाची भळभळती जखम आपल्या भाषेत कायमची राहिली. आजचा कायदा मात्र झोपलेल्या सैनिकावरील हल्ल्याला मनाई करत नाही. तो जखमी असेल, शरण आला असेल, निकामी झाला असेल, तरच त्याला हात लावता येत नाही. या एका बाबतीत धर्मयुद्धाची कल्पना आजच्या कायद्यापेक्षा कडक होती.

लढाईत सामान्य माणसे मेली, तर प्रत्येक वेळी तो युद्धगुन्हा असतो का?

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण या प्रश्नाच्या उत्तरादाखल अनेकदा ऐकू येते. कायदा ती संपूर्ण स्वीकारत नाही आणि संपूर्ण नाकारतही नाही. मुलकी नागरिकांवर जाणूनबुजून हल्ला करणे हा निःसंशय युद्धगुन्हा आहे. लष्करी ठाण्यावर हल्ला करताना शेजारची माणसे मरतील हे दिसत असेल, तर दोन गोष्टींची तुलना करावी लागते: एका बाजूला अपेक्षित मुलकी हानी, दुसऱ्या बाजूला त्या हल्ल्यातून मिळणारा ठोस आणि प्रत्यक्ष लष्करी लाभ. हानी लाभाच्या मानाने अतिरेकी असेल, तर हल्ला बेकायदा ठरतो.

यालाच प्रमाणबद्धतेचा नियम म्हणतात, आणि त्याच्याविषयी सर्वत्र एक चूक होते. ‘त्यांनी आमचे इतके मारले, आम्ही त्यांचे तितके मारले, म्हणजे प्रमाण राखले’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही. दोन्हीकडच्या मृतांची बेरीज-वजाबाकी हा नियम करत नाही. एका हल्ल्याचा निर्णय घेताना सेनापतीच्या समोर कोणती माहिती होती आणि त्याने काय अंदाज केला, हे तो पाहतो. म्हणूनच मृतांचा आकडा कळला तरी न्यायालयात खटला उभा राहायला वर्षे लागतात, आणि हे आप्त गमावलेल्यांना असह्य वाटणे मी समजू शकतो.

युद्ध झाले तर आमच्या होड्या धरता येतील का?

हा मिरकरवाड्याच्या तांडेलांचा प्रश्न. मला तो फार आवडला, कारण याच प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी १९०० रोजी दिलेला निकाल आजही जगभर वाचला जातो.

१८९८ मध्ये स्पेन आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले तेव्हा क्यूबा स्पेनच्या ताब्यात होते. ‘पाकेते हबाना’ आणि ‘लोला’ ही हवानाची दोन मासेमारी गलबते होती. पहिल्यावर तांडेलासह तीन माणसे होती. पकडलेले मासे जिवंत ठेवून बंदरात जिवंतच विकण्याची त्यांची रीत होती. गलबतावर शस्त्र नव्हते, दारूगोळा नव्हता. नाकेबंदी करणाऱ्या जहाजाने अडवेपर्यंत युद्ध सुरू झाल्याचेही त्यांना ठाऊक नव्हते. अमेरिकन आरमाराने दोन्ही गलबते धरून की वेस्ट येथे नेली आणि लिलावात पहिले ४९० डॉलरला, दुसरे ८०० डॉलरला विकले. मालकांनी दाद मागितली. न्यायालयाने शेकडो वर्षांचे राजांचे हुकूम, तह आणि दर्यावर्दींचे रिवाज चाळून निकाल दिला की, किनाऱ्यालगत शांतपणे मासे धरणारी होडी, तिची जाळी, तिचे सामान आणि तिच्यावरची माणसे यांना युद्धात लूट म्हणून धरता येत नाही; विक्रीची रक्कम भरपाईसह मालकांना द्यावी. १९०७ च्या हेग परिषदेत हाच नियम लेखी करारात आला आणि किनारपट्टीवर व्यापार करणाऱ्या लहान गलबतांनाही लागू झाला.

त्याला अट आहे. होडीने लढाईत कोणताही भाग घेतला की संरक्षण गेले. त्याच करारात राष्ट्रांनाही बजावले आहे की, अशा होड्यांचे निरुपद्रवी रूप कायम ठेवून त्यांचा लष्करी कामासाठी वापर करू नये, कारण एका होडीने हेरगिरी केली की साऱ्या बंदरातील होड्यांवर संशय येतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ या बळकावलेल्या मासेमारी नौकेतून किनाऱ्याजवळ आले. तो प्रकार दहशतवादी गुन्ह्यांचा म्हणून चालला, युद्धगुन्ह्याचा म्हणून नव्हे. पण त्यानंतर समुद्रात ओळखपत्र दाखवताना आणि नौका तपासून घेताना आपल्या खलाशांना जो त्रास सोसावा लागतो, त्यावरून त्या जुन्या अटीमागची भीती किती खरी होती, हे कळते.

‘खुकरी’ बुडाली, तो युद्धगुन्हा होता का?

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून आयएनएस खुकरी बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. हे दुःख फार मोठे आहे, परंतु युद्धनौका हे युद्धात कायदेशीर लक्ष्य असते. तो युद्धगुन्हा नव्हता, आणि तसे म्हटल्याने त्या वीरांच्या मृत्यूला अधिक मान मिळतो असे मला वाटत नाही.

समुद्रावरच्या कायद्याची रेषा कोठे आहे, ते येथे स्पष्ट दिसते. डेकवर उभा असलेला नौसैनिक लक्ष्य आहे. जहाज बुडून तोच पाण्यात पडला, फळकुटाला धरून तरंगू लागला, की त्या क्षणापासून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. १३ मार्च १९४४ रोजी अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडी यू-८५२ ने ‘पेलेउस’ हे ग्रीक जहाज बुडवले. बुडवणे वेगळे, त्यानंतर तराफ्यांवर वाचलेल्या माणसांवर मशीनगनने गोळ्या झाडण्यात आल्या, हातबॉम्ब टाकण्यात आले. अवशेष तरंगत राहिले तर विमानांना आपला माग लागेल, असे पाणबुडीचा कप्तान ‘एक’ (Eck) याचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये हॅम्बुर्गला खटला चालला, आणि कप्तानासह तिघांना ३० नोव्हेंबर रोजी गोळ्या घालण्यात आल्या. त्या तिघांपैकी एक जण पाणबुडीवरचा डॉक्टर होता.

त्याच मार्च महिन्यात हिंदी महासागरात मुंबईच्या वाटेवर असलेले ‘बेहार’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज जपानी युद्धनौकेने बुडवले. जहाजावर भारतीय खलाशीही होते. पाण्यातून वर काढलेल्यांपैकी साठाहून अधिक जणांना नंतर युद्धनौकेवरच ठार मारण्यात आले. हाँगकाँग येथील खटल्यात व्हाइस अ‍ॅडमिरल साकोंजू याला फाशीची शिक्षा झाली. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली आहेत, हे ठाऊक असल्यामुळे हे प्रकरण मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो.

‘आम्ही हुकमाचे ताबेदार’ हा बचाव चालतो का?

उघड बेकायदा हुकमाबाबत चालत नाही. १९१८ मध्ये ‘लँडोव्हरी कॅसल’ हे रुग्णालयाचे जहाज बुडवून त्याच्या जीवनरक्षक नौकांवर मारा करणाऱ्या दोन जर्मन अधिकाऱ्यांना लाइपझिगच्या जर्मन न्यायालयाने १९२१ मध्येच ही गोष्ट सुनावली होती. हुकूम देणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी. हाताखालचे लोक असे करत आहेत हे माहीत असून ज्याने थांबवले नाही, तोही सुटत नाही.

शत्रूने नियम मोडले, तर ‘जशास तसे’ करता येते की नाही?

युद्धकैदी, जखमी आणि ताब्यातील नागरिक यांच्याबाबत नाही. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांनी संरक्षित व्यक्तींवर सूड उगवण्यास मनाई केली आहे. मोबाईलवर येणाऱ्या चित्रफितींचा प्रश्न यात मोडतो: बंदी केलेल्या सैनिकाला गर्दीच्या कुतूहलाचा आणि अपमानाचा विषय बनवण्यास तिसऱ्या कराराचे कलम १३ मनाई करते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपला वैमानिक पाकिस्तानच्या हाती लागला, तेव्हा त्याच्या चित्रफिती पाहून आपण सारे संतापलो होतो. तोच नियम शत्रूच्या कैद्यालाही लागू आहे. मात्र कराराचा प्रत्येक भंग हा युद्धगुन्हा नसतो. हत्या, छळ, अमानुष वागणूक अशी ‘गंभीर उल्लंघने’ करारांतच वेगळी सांगितली आहेत.

लूट हाही युद्धगुन्हा आहे का?

होय, आणि तो जुना आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र या संदर्भात वाचावे. वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात ती संपेल आणि मग तुमची माणसे कुणब्याचे दाणे, भाकर, गवत उचलू लागतील. तसे झाले तर मोगल परवडले असे रयत म्हणेल, असा त्याचा आशय आहे. लूट पुरवठ्याच्या हलगर्जीपणातून सुरू होते, हे त्या पत्राने ओळखले होते.

भारतात युद्धगुन्ह्यासाठी कोणता कायदा आहे?

भारतीय न्याय संहितेत ‘युद्धगुन्हा’ असे कलम नाही. तिच्यात ‘भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे’ हा अपराध आहे, पण तो राज्याविरुद्धचा अपराध असून त्याचा येथे संबंध नाही. सैन्यदलांचे स्वतंत्र कायदे आहेत. नेमका कायदा म्हणजे जिनिव्हा करार अधिनियम, १९६०. गंभीर उल्लंघनात संरक्षित व्यक्तीची हेतुपुरस्सर हत्या झाली असेल तर मृत्युदंड किंवा जन्मठेप, इतर बाबतींत १४ वर्षांपर्यंत कारावास, अशी शिक्षा त्यात आहे. परंतु त्यासाठी न्यायालयात तक्रार शासनाने किंवा केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करावी लागते. पीडिताच्या कुटुंबाला थेट दार ठोठावता येत नाही, हा त्या कायद्याचा मोठा दोष आहे, असे मला वाटते.

या अधिनियमावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तेथील एका ख्रिस्ती धर्मगुरूने पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले आणि देश सोडण्याच्या आदेशाविरुद्ध जिनिव्हा कराराचा आधार घेतला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा अधिनियम कोणाही व्यक्तीला स्वतंत्रपणे न्यायालयात येण्याचा हक्क देत नाही, आणि गोवा भारतात सामील झाल्यावर ‘व्याप्त प्रदेश’ (परक्या सैन्याच्या ताब्यातील प्रदेश) ही अवस्था संपली.

‘हेगचे न्यायालय’ म्हणजे कोणते?

हेगमध्ये दोन वेगळी न्यायालये आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालय हे राष्ट्राराष्ट्रांतील तंटे ऐकते. कुलभूषण जाधव प्रकरणी १७ जुलै २०१९ चा निकाल तेथला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले चालवते. त्याची रोम संविधी (स्थापनेचा करार) १७ जुलै १९९८ रोजी मंजूर झाली तेव्हा भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेली भूमिका आणि अण्वस्त्रांचा बंदी घातलेल्या शस्त्रांत समावेश न होणे, हे आपले दोन मुख्य आक्षेप होते. भारत आजही त्याचा सदस्य नाही.

या न्यायालयाने पुतिन यांच्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये आणि नेतन्याहू यांच्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये अटक वॉरंट काढले. वॉरंट निघाले म्हणजे आरोप झाला. दोषसिद्धी झाली नाही. त्यामुळे अशा व्यक्तीसाठी ‘युद्धगुन्ह्याचा आरोप असलेला’ असे लिहावे, मग आपल्याला तिच्याविषयी काहीही वाटत असो.

थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले, तो युद्धगुन्हा म्हणायचा का?

रत्नागिरीत हा प्रश्न कधी चुकत नाही. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला, राजाला कुटुंबासह देशाबाहेर काढले आणि १८८६ मध्ये येथे आणले. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा येथेच वारला.

कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतर शिक्षा करता येत नाही, हे फौजदारी कायद्याचे मूळ तत्त्व आहे. १८८५ मध्ये अस्तित्वात असलेला १८६४ चा जिनिव्हा करार केवळ जखमी सैनिकांपुरता होता. व्याप्त प्रदेशातील नागरिकांची हद्दपारी युद्धगुन्हा म्हणून १९४५ च्या सनदेत आली, आणि लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावे, हे बंधन १९४९ च्या तिसऱ्या कराराने घातले. राजाला नागरिक धरा वा युद्धकैदी, आजच्या नियमांखाली त्याला तीस वर्षे परक्या किनाऱ्यावर ठेवता आले नसते. तरीही कायद्याच्या भाषेत ‘हा युद्धगुन्हा होता’ असे विधान मी करत नाही. ‘देशोधडीला लावणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आहे, तो कोणत्याही सनदेवर अवलंबून नाही, आणि थिबा राजाविषयी लिहिताना मी तोच वापरतो.